बोलण्याचं कर्तव्य

कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी मी कानांनी केली. पुस्तकावरचं अक्षर मला दिसेनासं होऊन तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती. खिडकी उघडी आहे की लावलेली, माणूस उजेडाच्या आड उभा आहे की नाही, इतकंच कळायचं. आजही तेवढंच कळतं.

सुरुवात शाळेत असताना झाली. दिवेलागणीला मी उंबऱ्याला, बादलीला, बांधलेल्या वासराला अडखळायची. आई म्हणायची, पोरगी धांदरट आहे. मग हळूहळू बाजूचं दिसणं गेलं. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. पिंपळनेरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ओळी तुटायला लागल्या आणि शेवटच्या वर्षाचे पेपर मी लेखनिक घेऊन दिले. ब्रेल मला येत नव्हतं. ते शिकावं लागेल असं मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आमचं गाव पिंपळनेरपासून थोडं आत आहे. वडील, म्हणजे आमचे आबा, कांदा, मका आणि भुईमूग करतात. ते सातवीपर्यंत शिकलेले. आई शाळेत गेलीच नाही. बी.ए. झाल्यावर मी घरीच होते. शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा, रेडिओ ऐकायचा. वाईट वागवत नव्हतं कोणी, पण मला काही विचारतही नव्हतं.

एकदा शेताच्या वाटणीच्या कामासाठी आम्ही सगळे एका कार्यालयात गेलो होतो. माझी पाळी आली तेव्हा तिथला माणूस आबांना म्हणाला, "यांना दिसत नाही ना? मग अंगठा घ्या." मी म्हणाले, "मला सही येते." तो पुन्हा आबांनाच म्हणाला, "कशाला त्रास देता, अंगठा घ्या." आणि माझा हात कोणीतरी धरून शाईच्या पॅडवर दाबला. मी पदवीधर होते. माझी सही आजही सरळ ओळीत येते. घरी येऊन मी राखेनं अंगठा घासत बसले आणि तेव्हाच मनात आलं की आपण वकिली शिकायची. का, हे मी कोणाला नीट सांगू शकले नसते. कोणत्या नियमानं कोणालाही माझा हात धरता आला, एवढं मला समजून घ्यायचं होतं.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा राज्यभर एकच असते. ती संगणकावर होते आणि प्रश्न मराठीतही असतात. कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्काचे प्रश्न आणि इंग्रजी. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं काही सोडायचं नाही. हे सगळं मी मोबाईलवर ऐकून गोळा केलं. आबांनी धुळ्याहून सराव प्रश्नपत्रिकांचं जाड पुस्तक आणलं. पण वाचणार कोण? मोबाईल पडद्यावरचं वाचतो. छापील पानाचा फोटो काढून दिला की जोडाक्षरांची पार वाट लावायचा.

जेवणानंतर आबा ओसरीवर पडायचे. त्या दिवशी ते पडले नाहीत. मला म्हणाले, "आन ते पुस्तक. मी वाचस."

आम्ही घरात अहिराणीच बोलतो. त्यामुळे आबांच्या तोंडून पुस्तकी मराठी ऐकताना पहिले काही दिवस घरात पाहुणा आल्यासारखं वाटलं. ते सावकाश वाचायचे, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून, सातवीच्या वर्गात उभं राहून वाचतात तसं. 'अपकृत्य', 'प्रतिफल', 'सज्ञान' या शब्दांना थांबायचे आणि पुन्हा वाचायचे. इंग्रजीचा भाग आला की एकेक अक्षर सांगायचे. "डी, यू, टी, वाय." मी म्हणायची, "ड्यूटी." ते म्हणायचे, "हां, ड्यूटी," आणि पुढचं अक्षर घ्यायचे. एक उतारा संपायला दुपार जायची. त्यांना कंटाळा यायचा की नाही, मला माहीत नाही. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही.

त्याआधीची काही वर्षं आमच्यात बोलणं फार उरलं नव्हतं. "जेवनी का?" "हां." "औषध टाकं का?" "हां." एवढंच. माझे डोळे गेल्यापासून आबा माझ्यासमोर अवघडायचे. पुस्तकामुळे रोज दोन-तीन तास त्यांचा आवाज माझ्या वाट्याला आला.

ऐकून अभ्यास करायचा तर चार पर्याय डोक्यात धरून ठेवणं सगळ्यात अवघड. तिसरा वाचेपर्यंत पहिला निसटायचा. मग मी एक युक्ती केली. पहिला पर्याय करंगळीवर ठेवायचा, दुसरा तिच्या शेजारच्या बोटावर, असं करत चार बोटं भरायची. जो पर्याय साफ चुकीचा वाटेल ते बोट मुडपायचं. उरलेल्या बोटांपुरतंच पुन्हा वाचायला सांगायचं.

कायद्याच्या प्रश्नांत आधी एक तत्त्व दिलेलं असायचं आणि मग एक घटना. 'अ' ने 'ब' च्या शेतात असं केलं, 'क' ने पाहिलं, वगैरे. ही अक्षरं ऐकताना एकमेकांत मिसळायची. म्हणून मी 'अ' ला शेजारचे काका करून टाकलं, 'ब' ला गिरणीवाला आणि 'क' ला आमची आत्या. मग भांडण डोळ्यांसमोर उभं राहायचं आणि विसरायचं नाही.

आबांना मात्र तत्त्व पटायचं नाही. एका प्रश्नात म्हशीनं दुसऱ्याचं पीक खाल्लं होतं. दिलेल्या तत्त्वाप्रमाणे म्हशीचा मालक सुटत होता. आबा म्हणाले, "हाई बरोबर नही. पीक तं गयं ना त्यानं?"

"आबा, तत्त्व जितलं दिधेल शे तितलंच मानानं," मी म्हणाले. "आपलं मत टाकानं नही."

"मंग न्याय कसाले म्हनतस?" असं म्हणून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. संध्याकाळी मात्र त्यांनी ती म्हैस शेजारच्या काकांना सांगितली आणि दोघं बराच वेळ तिच्यावर बोलत बसले.

माझे गुण वाढत गेले. आबा प्रत्येक बरोबर उत्तराला पेन्सिलीनं खूण करायचे आणि शेवटी मोजून आईला सांगायचे. आईला गुणांचं काही कळत नसे, पण आबांच्या आवाजावरून ती समजून घ्यायची आणि त्या दिवशी चहात आलं जास्त पडायचं.

मग एक दिवस आबा कांदा घेऊन पिंपळनेरच्या बाजारात गेले होते. मी मोबाईलवर एक सराव परीक्षा लावली. मोबाईलचा आवाज मला सवयीचा होता, प्रश्न मराठीत होते, फार कठीणही नव्हते. निकाल ऐकला तर निम्मेही बरोबर नव्हते. मला वाटलं, मोबाईल भरभर वाचतो म्हणून. वेग कमी करून दुसरी लावली. तीच गत. जे प्रश्न मी आबांसोबत सहज सोडवले असते तिथेही मी अडकत होते. चारही पर्याय ऐकून झाल्यावर मी कशाची तरी वाट पाहत होते आणि ते येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा वाचायला बसले तेव्हा मी प्रश्नाकडे लक्ष दिलंच नाही. फक्त त्यांचा आवाज ऐकला. तेव्हा कळलं. बरोबर पर्याय यायच्या आधी ते किंचित श्वास घ्यायचे. तो वाचून झाला की पुढच्यावर जाण्याआधी एक क्षण थांबायचे. उत्तरं पुस्तकाच्या शेवटी होती. सारखी पानं उलटावी लागू नयेत म्हणून, हे त्यांनी नंतर सांगितलं, ते आधीच उत्तर पाहून घ्यायचे आणि त्या पर्यायावर अंगठा ठेवून वाचायचे. मी कायदा शिकत नव्हते. मी माझ्या वडिलांचा श्वास ओळखायला शिकले होते.

दोन दिवस मी हे पोटात ठेवलं. त्यांना वाईट वाटेल याची भीती होती. पण परीक्षेला आबा शेजारी बसणार नव्हते, परका लेखनिक बसणार होता. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं.

आबांनी पुस्तक खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हनजे पेपर मीच दी राहिंथू."

"तुमनं चुकनं नही, आबा. माले बी ठाऊक नव्हतं."

ते उठून शेताकडे गेले. मला वाटलं आता ते पुस्तकाला हात लावणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "उत्तरना कागद फाडी टाकात. तुनी मायकडे दिधात. आते माले बी काय माहीत नही. चाल."

आईनं ती पानं कपड्यांच्या पेटीत ठेवली होती. पूर्ण प्रश्नपत्रिका संपली की ती काढून द्यायची आणि मग आम्ही दोघं मिळून तपासायचो. पहिल्या आठवड्यात गुण धाडकन खाली आले. आबा आता स्वतः अंदाज करायला लागले होते आणि त्यांना जे खरं वाटे त्याच्याकडे त्यांचा आवाज झुकायचा. ते पुष्कळदा चुकीचं असायचं, कारण ते न्याय शोधायचे आणि पेपरला तत्त्व हवं असायचं. मग मी पद्धतच बदलली. तत्त्व ऐकलं की ते माझ्या शब्दांत मोठ्यानं म्हणायचं. घटना ऐकली की पर्याय न ऐकताच उत्तर ठरवायचं आणि ते बोलून मोकळं व्हायचं. त्यानंतर पर्याय, तेही शेवटून पहिल्याकडे. आधी ठरवलेलं ज्याला जुळेल तो घ्यायचा. वाचणारा कोणीही असला तरी फरक पडणार नाही, असा अभ्यास मला करायचा होता. तो जमायला होळी आली.

उन्हाळा लागल्यावर आम्ही घरामागच्या कांदे साठवायच्या चाळीच्या सावलीत बसायला लागलो. आई थोड्या अंतरावर कांदे निवडत असायची. अशाच एका दुपारी आबांनी एक तत्त्व वाचलं. नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही. पण परिस्थिती अशी असेल की बोलणं हे त्या माणसाचं कर्तव्यच ठरतं, तर गप्प राहणं हीच फसवणूक होते. मी ते माझ्या शब्दांत परत म्हटलं.

मग आबांनी घटना वाचायला घेतली. 'अ' ने आपली नुकतीच सज्ञान झालेली मुलगी 'ब' हिला एक घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे 'अ' ला ठाऊक होतं. 'ब' ने विचारलं नाही. 'अ' ने सांगितलं नाही.

'मुलगी' या शब्दाला त्यांचा आवाज खाली गेला. शेवटचं वाक्य जेमतेम ऐकू आलं. मला वाटलं त्यांना ठसका लागला असेल.

"फसवणूक शे," मी म्हणाले. "दुसरा कोनी ऱ्हाता तं गप ऱ्हाई शकता. हाऊ बाप शे. त्याले सांगनं पडी. वाचा पर्याय."

त्यांनी पर्याय वाचले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "मंग तो सौदा मोडना का?"

"आपोआप मोडत नही. ठेवाना का मोडाना, ती पोरनी मर्जी."

"पोरनी मर्जी," आबा म्हणाले. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बेटा, तुना डोयासनं माले पहिलेपाइन ठाऊक व्हतं."

ते माझ्या डोळ्यांबद्दल बोलत होते, पण मला लगेच अर्थ लागला नाही. "काय ठाऊक व्हतं?"

"तू दहावीले व्हती. धुयाना डॉक्टरनी सांगेल व्हतं. पडदाना आजार शे. इलाज नही. हाई जाईच."

तिकडे आईच्या हातातले कांदे थांबले. तिलाही हे नवीन होतं.

मला धुळ्याचा तो दवाखाना आठवला. तपासून झाल्यावर आबांनी मला बाहेर बाकावर बसवलं होतं आणि ते एकटेच आत गेले होते. बाहेर आल्यावर म्हणाले होते, "चष्मा लागी." त्यानंतर दरवर्षी मी म्हणायची, नंबर वाढलाय, नीट दिसत नाही, आणि आबा मला साक्रीला नेऊन नवा चष्मा करून द्यायचे. प्रत्येक चष्मा घालून मी घरी यायची आणि सगळ्यांना सांगायची की आता बरं दिसतंय. मला खरंच तसं वाटायचं.

"आनि चष्मा?" मी विचारलं.

"तू मांगे. मी नही कसा सांगू?"

मी उठले. चाळीच्या खांबाला धरून घरात आले आणि खाटेवर पडून राहिले. रडू आलं नाही. मी हिशेब लावत होते की दिसत होतं त्या वर्षांत मी काय काय पाहिलं असतं. शाळेच्या ज्या सहलीचे पैसे वाचवले होते, त्या सहलीला गेले असते. आईचा चेहरा नीट पाहून ठेवला असता. आता आठवतो तो तरुणपणीचा आणि तोही कडेनं पुसट. ब्रेल शिकले असते, काठी धरायला शिकले असते. ती सगळी वर्षं मी चष्म्याचा नंबर बरोबर येईल या भरवशावर काढली होती.

त्यानंतर आबा पुस्तक घेऊन बसले नाहीत आणि मी बोलावलं नाही. आईनं एकदाच म्हटलं, "माले बी नही सांगं त्यासनी." तिनं त्यांची बाजू घेतली नाही की माझीही. भाकरी दोघांना सारखीच वाढली.

परीक्षेचं केंद्र जळगावला आलं होतं. तिथे माझे मामा राहतात. मी फोन करून मामांना सांगितलं की शेवटचे काही आठवडे मी तुमच्याकडे येते. आबांनी मला धुळ्यापर्यंत बसनं आणून जळगावच्या गाडीत बसवलं. गाडी सुटताना ते खिडकीशी येऊन म्हणाले, "पानी पेत जाजो." मी मान हलवली.

मामांच्या शेजारी अकरावीत शिकणारी एक मुलगी होती. लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला असावा लागतो, म्हणून ती चालणार होती. ती मला ताई म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "ताई, मी नुसती वाचणार आणि तुम्ही सांगाल तिथे क्लिक करणार. मला उत्तर येत असलं तरी सांगणार नाही. मला सांगायची फार सवय आहे, म्हणून आधीच बोलून ठेवते." ती बातम्या दिल्यासारखं एका सुरात वाचायची. तिच्या श्वासात काहीच सापडत नव्हतं. जळगावच्या त्या उन्हात, पंख्याखाली, ती वाचायची आणि मी बोटं मुडपायची. गुण कमी-जास्त होत राहिले, पण ते माझे होते. इंग्रजीत मी कच्चीच राहिले. सामान्य ज्ञान रेडिओच्या बातम्यांनी सावरलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आबा आले. मी बोलावलं नव्हतं. मामींनी त्यांना पाणी दिलं, जेवण झालं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी त्यांना म्हणाले, "गच्चीवर चला." मीच त्यांचा हात धरून वर गेले. त्या घराच्या पायऱ्या आता मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होत्या.

वर गेल्यावर मी म्हणाले, "डॉक्टरनी काय सांगं, ते बठ्ठं सांगा. पहिलेपाइन."

मी एकेक विचारत गेले आणि ते सांगत गेले. आत कोण होतं? डॉक्टर आणि एक नर्स. डॉक्टर किती वर्षं म्हणाले? नक्की सांगता येत नाही, पण तिशीच्या आत. तुम्ही काय म्हणालात? मुंबईला नेलं तर काही होईल का. ते काय म्हणाले? नाही. आणखी काय म्हणाले?

इथे ते थांबले. मी वाट पाहिली.

"त्यानी सांगं, पोरले सांगा. आतेपाइनच ब्रेल शिकाडा. नाशिकले शाळा शे."

हे त्यांनी चाळीतल्या दुपारीही सांगितलं नव्हतं. त्यांना वगळता आलं असतं आणि मला कधीच कळलं नसतं.

"मंग काबरं नही सांगं?"

"त्या दिनले तू स्टँडवर ऊसना रस पी राहिंथी," आबा म्हणाले. "माले दखाडे, आबा दखा, त्या पाटीवर काय लिखेल शे. लांबनी पाटी. तुले वाचता ई राहिंथी. म्हनं आज नही, सकाय सांगसू. सकाय बी नही सांगता उनं. मंग जितला दिन गयात तितलं जड व्हत गयं."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत जात होता. आबा रडत होते की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांचा आवाज शेवटपर्यंत सरळ होता. मी त्यांना 'असू द्या' म्हटलं नाही. तसं वाटतही नव्हतं. पण छातीवरचं काहीतरी बाजूला सरकलं होतं. मी त्यांना विचारलं की उद्या किती वाजता निघायचं, आणि त्यांनी सांगितलं की लवकर निघू, ऊन फार आहे. मग आम्ही खाली आलो.

केंद्रावर दारातल्या माणसानं माझी ओळखपत्रं आबांकडे मागितली. आबा म्हणाले, "तिच्याकडेच आहेत. तिला विचारा." ते शुद्ध मराठीत बोलले, सावकाश, पुस्तक वाचायचे तसं. मी पिशवीतून कागद काढून दिले. लेखनिकाच्या अर्जावर सही करायची होती. मामांच्या शेजारच्या त्या मुलीनं माझं बोट त्या ओळीवर नेऊन ठेवलं आणि मी सही केली.

आम्हाला वेगळी खोली दिली होती आणि जादा वेळ होता. मुलगी पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत एका सुरात वाचत गेली. मधे तिचा घसा बसला तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी तिला पाणी आणून दिलं. तर्काच्या प्रश्नांत मी अडकले, दोन उतारे परत ऐकले, वेळ गेला. शेवटी जे प्रश्न उरले त्यांना आम्ही नुसताच दुसरा पर्याय देत सुटलो, कारण रिकामं सोडायचं नव्हतं. बाहेर आले तेव्हा आबा फाटकाजवळच्या लिंबाखाली उभे होते. त्यांनी कसा गेला असं विचारलं नाही. मीच म्हणाले, "इंग्रजी वाईट गयं. कायदा चांगला गया."

निकाल फार मोठा नव्हता. राज्यात वर नाव येईल असा तर मुळीच नव्हता. पण प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये मला जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे जागा मिळू शकेल असं मामांनी पाहून सांगितलं. आबांचं म्हणणं होतं की जळगाव घे, मामाचं घर आहे, जेवणखाण आहे, सोबत आहे. मला धुळे हवं होतं, वसतिगृहात, एकटीनं. आई म्हणाली, तुमचं तुम्ही बघा.

आबा पूर्वीसारखे 'बघू' म्हणून उठून गेले नाहीत. ओसरीवर माझ्यासमोर बसून म्हणाले, "माले भ्याव लागस. तू एकली गाडीखाली येशी असं वाटस. रातले झोप येत नही माले." त्यांना कशाची भीती वाटते हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

"माले बी भ्याव लागस," मी म्हणाले. "तरी धुये."

आबा म्हणाले, "बरं."

प्रवेश घेतल्यावर आम्ही धुळ्याला तीन दिवस राहिलो. काठी कशी धरायची हे मी तोवर एका शिबिरात शिकून घेतलं होतं. वसतिगृहापासून कॉलेजपर्यंत आबा माझ्यासोबत सकाळ-संध्याकाळ चालले. कुठे गटाराचं झाकण तुटलंय, कुठे चहाची टपरी येते, कुठे रिक्षा उलट्या दिशेनं घुसतात, सगळं सांगत गेले. वाईटही सांगितलं. या कोपऱ्यावर मोकाट कुत्री आहेत. इथे मुलं टवाळी करत उभी असतात. तुला काही म्हणतील, कान देऊ नको. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणाले, आता तुम्ही रस्त्याच्या पलीकडून चला आणि काही बोलू नका. त्यांनी ते ऐकलं. एका ठिकाणी मी चुकून दुकानाच्या ओट्याला लागले, नडगीला खरचटलं. पलीकडून आवाज आला नाही. मी काठीनं चाचपून वाट काढली आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत पोहोचले.

ते रस्ता ओलांडून आले. घाम पुसत होते. म्हणाले, "लागनं का?"

"थोडं."

"मी दखं," ते म्हणाले. "मी आवाज देनार व्हतू."

मग त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. पिंपळनेरची गाडी दुपारची होती आणि मक्याला पाणी द्यायचं होतं. मला स्टँडवर येऊ नको म्हणाले. मी वर्गाकडे निघाले. वर्ग पहिल्या मजल्यावर होता आणि कठडा डाव्या हाताला होता, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं.